बिस्कीट कलर

“मिटा बघू डोळे. मी सांगत नाय तोपर्यंत उघडूचे नाय,” मीराबाई दारातच अडवून म्हणाली.

“अगो, आठ दिवस मुलीकडे डोळे मिटूनच पडलो होतो,” बुधाजी म्हणाला. “आता कुठे डॉक्टरने उघडायला दिलेत, तर तू मिटायला लाव.”

कुरकुर केली, पण मिटले. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, काळाचौकीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, एका हातात डोळ्यांच्या थेंबांची पिशवी घेऊन आंधळ्या कोशिंबिरीतल्या पोरासारखा उभा. शेजारची बकुळा गॅलरीत कपडे वाळत घालता घालता हसत सुटली. मीराबाईने नवऱ्याचा हात धरला आणि उंबरा ओलांडून त्याला आत घेतलं. घरात झेंडूचा आणि उदबत्तीचा वास भरला होता. आज खंडेनवमी.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जिने चढायचे नाहीत, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, म्हणून लेक कमल त्याला डोंबिवलीला घेऊन गेली होती. घरात घट बसलेले, त्यामुळे मीराबाईला हलता येईना. आठ दिवस ती इकडे एकटी, तो तिकडे एकटा. कमलच्या घरात सगळं होतं, पण बुधाजीचा जीव अडकला होता माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत.

त्या पेटीत काय होतं? सोनंनाणं असतं तर माणूस समजून तरी घेईल. पेटीत होते एकशे अडतीस जुने स्पार्क प्लग. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, ह्या बाबाने प्लग जमवले! लालबागच्या एका गॅरेजात बेचाळीस वर्षं मोटारी दुरुस्त केल्या आणि दुसरे मिस्त्री जे भंगारात फेकायचे ते हा खिशात घालून घरी आणायचा. पितळी अंगाचे प्लग, अभ्रकाच्या चकत्यांचे प्लग, साहेबाच्या काळातल्या मोटारींचे अंगठ्याएवढे जाड प्लग. शिवाय एक रबरी फुग्याचा भोंगा, रेडिएटरचं पितळी टोपण, पेट्रोल कंपनीचा मुलामा उडालेला बिल्ला. प्रत्येक प्लगला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. गाडी कुणाची, तारीख काय, प्लग कशाने गेला.

आणि त्यातला एकही प्लग त्याने कधी पुसला नव्हता. सगळा जीव काजळीत होता ना! बुधाजीला प्लगचं टोक बघून आख्खं इंजिन कळायचं. ओलसर तेलकट असेल तर रिंगा झिजल्या. पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय, पेट्रोल कमी पडतंय. काळा कुळकुळीत असेल तर प्लगला कचरा आला, गाडी खोकणार, कुठेतरी भर रस्त्यात बंद पडणार. आणि भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा असेल, तर डोळे मिटून निघा, गाडी कुठेही नेईल. गॅरेजात ह्या रंगाला म्हणायचेच ‘बिस्कीट कलर’.

एकशे सदतीस प्लग इतरांचे. एकशे अडतिसावा राहुलचा.

राहुल त्याचा मुलगा. एका रविवारी म्हणाला, “बाबा, सकाळी गाडी खोकते जरा.” बुधाजीने मोटारसायकलचा प्लग काढला, तारेच्या ब्रशने घासला, पुन्हा बसवला. गॅरेजच्या कपाटात नवा प्लग पडलेला होता. पण त्या दिवशी एका लग्नाची मोटार सजवून द्यायची होती, वरातवाले डोक्यावर बसले होते. “चालव आठवडाभर. येत्या रविवारी नवा टाकतो,” तो म्हणाला. राहुलने मान डोलावली. बापाच्या हातावर त्याचा भारी विश्वास!

तो रविवार आलाच नाही. गुरुवारी कामावर जाताना पुलाच्या चढावर गाडी मध्येच बंद पडली आणि मागून ट्रक आला. राहुल चोवीस वर्षांचा होता. तिथल्या पानवाल्याने सांगितलं, गाडी दोनदा खोकली आणि थांबली. मग चाळीत कुजबुज सुरू झाली. “बाप एवढा नावाजलेला मिस्त्री, आणि पोराच्याच गाडीला...” बुधाजी दिसला की वाक्य तिथेच गिळलं जायचं.

बाराव्या दिवशी तो पोलिसांच्या आवारात गेला. चेपलेल्या गाडीतून आपल्याच पान्याने प्लग काढला आणि उन्हात धरला. बिस्कीट कलर! तिथे मातीत बसून तो हमसून हमसून रडला. वायर तुटली असेल, पेट्रोलात पाणी असेल, काहीही असेल, पण माझा प्लग नव्हता.

निदान त्या दिवशी त्याला तसं दिसलं. पुढे रोज सकाळी आंघोळ झाली की तो प्लग हातात घेऊन खिडकीशी बसायचा. एखाद्या दिवशी वाटायचं, कडेला ही काळी रेघ तर नाही? दुसऱ्या दिवशी वाटायचं, छे, सावली आहे. अठरा वर्षं हेच. त्यातली शेवटची दोन मोतीबिंदूची, तेव्हा तर सगळं जगच चहाच्या रंगाचं दिसायला लागलं. दुसऱ्या मिस्त्रीला दाखवायची त्याची छाती कधी झाली नाही. तो ‘काळा आहे’ म्हणाला तर? मीराबाईने तर अठरा वर्षांत त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि ती विचारत नाही हेच त्याला जास्त खायचं.

पण आता दिवाळीनंतर नव्या इमारतीसाठी चाळ पाडणार होते. संक्रमण शिबिरातल्या इवल्याशा खोलीत पेटीला जागा नव्हती. फणसवाडीतला हितेंद्र नावाचा एक भला माणूस जुन्या मोटारींच्या वस्तूंचं छोटं संग्रहालय मांडत होता. तो आज सगळं न्यायला येणार होता. बुधाजीने मनाशी ठरवलं होतं, नव्या डोळ्याने आधी आपण बघायचं, मग हितेंद्रच्या हातात राहुलचा प्लग द्यायचा, मीराबाईसमोर, आणि म्हणायचं, सांग बाबा काय रंग आहे. काळा निघाला तर तिच्या पायाशी बसून कबूल करायचं. बिस्कीट कलर निघाला तर तिला सांगायचं, बघ गो, मी नव्हतो. काही झालं तरी हे असं अधांतरी मरायचं नाही.

“उघडा आता,” मीराबाई म्हणाली.

त्याने डोळे उघडले. ऑपरेशननंतर सगळे रंग अंगावर आल्यासारखे दिसत होते. झेंडू केवढा भगवा! आणि झेंडूच्या मध्ये, पाटावर पसरलेल्या पांढऱ्या कापडावर, ओळीने मांडलेले एकशे अडतीस प्लग. प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट, प्रत्येकावर एक पाकळी. पितळ पिवळंधमक, चिनीमाती दुधासारखी पांढरी, लोखंड लख्ख.

“दिसतत की नाय?” मीराबाईच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “आठ दिवस घासतंय. आधी चिंच नि मीठ, मगे तारेची घासणी. खंडेनवमीक हत्यारां घासून पुजूची असतत, नि तुमची मेली कायम काळी! म्हटला, तुमका नवो डोळो इलो, तर हत्यारां जुनी कित्याक? चिठये भिजतीत म्हणून काढून ठेवलंय नि परत बांधलंय. एकाची अदलाबदल नाय हां.”

 बुधाजी पाटासमोर खालीच बसला. शेवटच्या ओळीच्या टोकाला तो होता, सगळ्यांत बारका. चिठ्ठीवर त्याचंच अक्षर, ‘राहुल. गुरुवार.’ त्याने उचलून खिडकीकडे धरला. नव्या डोळ्याला सगळं स्वच्छ दिसलं. टोक नुसतं पांढरं होतं. काळं नाही, तपकिरी नाही, रेघ नाही, सावली नाही. कारखान्यातून आल्यासारखा कोरा.

“ह्या काय? रडतास कित्याक?” मीराबाई घाबरली. “डोळ्याक पाणी नको म्हणून सांगितलाहा ना डॉक्टरान?”

“उजेड लागतोय गो,” बुधाजी म्हणाला. “सवय नाही राहिली.”

तिच्यावर रागवावं, ओरडावं, असं मनात आलंच नाही असं नाही. आलं. ‘काय करून बसलीस’ हे शब्द पार ओठांपर्यंत आले. पण त्याने तिच्या हातांकडे बघितलं. बोटांची टोकं चिंचेने आणि तारेने सोलवटून निघाली होती, दोन नखं कडेने फुटली होती. त्याने प्लग होता तिथे परत ठेवला.

अकराच्या सुमारास हितेंद्र आला. सोबत चार खोकी, मऊ कागद. दारातच त्याची नजर पाटावर गेली आणि पायातली चप्पल काढता काढता तो थांबला.

“काका, हे... हे कोणी धुतलं?”

मीराबाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होती. तिचा चेहरा बघता बघता उतरायला लागला.

“मीच सांगितलं होतं,” बुधाजी पटकन म्हणाला. “हत्यार आहे ते. खंडेनवमीला घासायलाच लागतं.”

“पण काका, आपलं काय ठरलं होतं? चकचकीत प्लग दुकानातसुद्धा मिळतात हो. ती काजळीच तर लोकांना...”

“हितेंद्र,” बुधाजीने त्याला मध्येच तोडलं, “चहा घे. गार होतो.”

हितेंद्र काही दूधखुळा नव्हता. त्याने म्हाताऱ्याकडे बघितलं, मग ट्रे धरलेल्या त्या सोललेल्या बोटांकडे, आणि मुकाट्याने कप उचलला. “छान झालेत हो काकू, खूप मेहनत घेतलीत,” असंही म्हणाला. चहा पिऊन झाल्यावर त्याने भोंगा घेतला, रेडिएटरचं टोपण घेतलं, बिल्ला घेतला, अभ्रकाचे चार प्लग निवडून कागदात गुंडाळले. “बाकीचं नंतर बघू, काका. आत्ता जागेची जरा अडचण आहे.” एक खोकं भरलं. तीन रिकामी होती तशीच काखेत मारून तो जिना उतरला. तो परत येणार नाही हे बुधाजीला कळलं होतं.

मीराबाई कप विसळून बाहेर आली आणि नवऱ्याशेजारी बसली. 

“माझा काय चुकला काय हो?” तिने हळूच विचारलं.

“नाही गो. फसक्लास झालेत.”

“तो जो राहुलचो, तो मी सगळ्यांत शेवटाक घेतलंय,” ती म्हणाली. “तुमी रोज सकाळी तेका हातात घेऊन बसतास, माका काय दिसत नाय? पण तुमी तेका कधी पुसला नाय. माका तां बघवत नसा. म्हटला, पोरगो असो मळलेलो कसो ठेवायचो? सगळ्यांका घासणी लावलंय, तेका नाय. तेका कोमट पाणी घेतलंय नि जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यान पुसलंय. ल्हान असताना मोरयेत बसवून न्हाणवायचंय ना, तसा. एक आखी सकाळ गेली माझी.”

तिने पदर डोळ्यांना लावला. अठरा वर्षांत ती त्याच्यासमोर राहुलबद्दल एवढं कधी बोलली नव्हती.

 आता एकच साक्षीदार उरला होता जगात, आणि तो शेजारी बसून डोळे पुसत होता.

“मीरा,” त्याने विचारलं, “पुसायच्या आधी रंग कसला होता गो त्याचा? टोकाला?”

“रंग?” ती आठवू लागली.  “रंग कसलो? मळ होतो तो. मळाक काय रंग असता?”

“काळा होता की तपकिरी? नीट आठव.”

“तां मी कशाक बघतंय?” ती म्हणाली. “मी तेका बघी होतंय.”

बुधाजीने मान खाली घातली. आता विचारून टाकावं, की तुला काय वाटतं, गाडी माझ्यामुळे बंद पडली का? चाळ म्हणते तसं तुलाही वाटतं का? अठरा वर्षं छातीवर बसलेला प्रश्न पार जिभेच्या टोकावर आला. त्याने तिच्याकडे बघितलं. ती त्या प्लगवरची पाकळी सरळ करत होती. त्याने विचारलं नाही. हे आता आपल्याबरोबरच जाणार, हे त्याला कळून चुकलं, आणि कळल्यावर तो आणखी थोडा वाकला.

मग सवयीने त्याच्यातला मिस्त्री जागा झाला.

“घासलेलं लोखंड उघडं राहिलं की गंज धरतं,” तो म्हणाला. “तेल दे जरा.”

“मशीनीचा संपला. खोबरेल आसा.”

“तेच दे.”

मीराबाईने देव्हाऱ्याजवळची बाटली आणून दिली. बुधाजीने तळहातावर चार थेंब घेतले, दोन्ही हात एकमेकांवर चोळून तेल कोमट केलं आणि राहुलचा प्लग मांडीवर घेऊन आट्यांवरून बोट फिरवू लागला.

“हळू,” मीराबाई म्हणाली.