बीजदातीचा दोष

सकाळचं ऊन आधी समोरच्या भिंतीवर टेकलं, मग सावकाश खिडकीतून आत उतरलं; शिलाईच्या यंत्रावरून, कोटाच्या अर्धवट बाहीवरून, टाचण्यांच्या डबीवरून सरकत कोपऱ्यातल्या चिंध्यांपाशी येऊन विसावलं. त्याला कशाचीच घाई नव्हती. शिंप्याची बायको ते पाहत उभी होती. पाळणा याच कोपऱ्यात ठेवायचा, असं तिनं मनाशी केव्हाच ठरवलं होतं.

"फसवलं आपल्याला त्या वंध्यत्व केंद्रवाल्यांनी!" नवऱ्यानं कात्री आपटली. "म्हणे, स्त्रीबीज देणारी बीजदाती पारखून देतो! आणि आता सांगतात, तिच्या रक्तात थॅलेसेमिया आहे."

"अरे, ती नुसती वाहक आहे. स्वतः ठणठणीत आहे," त्याची आत्या म्हणाली. तिचा जन्म दवाखान्यात परिचारिका म्हणून गेला होता. "बापही वाहक निघाला, तरच मुलाला धोका. त्यांनी फसवलं नाही, सावध केलं. तुझंही रक्त तपासायला सांगितलंय ना?"

"माझं कशाला? आमच्या घराण्यात असलं काही नाही."

"गिऱ्हाइकाचं कापड उजेडात धरून पाहतोस, आणि स्वतःचं मात्र गुलदस्त्यात!" आत्याचा आवाज चढला. "मग तुझ्या धाकटीला दर महिन्याला रक्त का चढवत होते रे?"

"धाकटी?" बायकोनं वळून पाहिलं. "कोण धाकटी?"

यंत्राशी बसलेल्या नवऱ्यानं पुन्हा बाही शिवायला घेतली.

"आम्ही सगळ्यांनीच तोंडं शिवून घेतली होती गं," आत्या हळूच म्हणाली. "चुकलंच."

"आईनं शपथ घातली होती," तो पुटपुटला. "सोयरीक मोडेल म्हणून."

"सोयरीक जुळली की हो! त्यानंतर तरी सांगायचंत!" बायको म्हणाली. "माझं लेकरूही तसंच झुरलं असतं, तेव्हा सांगणार होतात?"

जिला ती दोन दिवस मनातल्या मनात बोल लावत होती, त्या अनोळखी बाईनं आपलं रक्त निमूट पुढं केलं होतं. आणि ज्याच्या भरवशावर ती आई व्हायला निघाली होती, त्यानं एक अख्खी बहीण लपवली होती!

तो उठला. "चल," एवढंच म्हणाला. ती निघाली, पण त्याच्या बरोबरीनं नव्हे. चार पावलं मागून.

वाचकहो, वाहक असणं हा कलंक नव्हे. ते लपवणं हा मात्र दगा आहे. तपासणी बीज देणारीची जितकी, तितकीच बाप होऊ पाहणाऱ्याचीही व्हायला हवी.

प्रयोगशाळेत तो बाही सरसावून बसला. तिथल्या मुलीनं विचारलं, "घरात कुणाला हा आजार होता का?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही.

"धाकट्या बहिणीला होता," तो म्हणाला. "ती त्यातच गेली."