अकरा मिनिटांचा गोल

शहरात फुटबॉलचे क्लब दोन आणि मैदान एक. हिरवे आणि पिवळे त्याच मैदानावर आलटून पालटून खेळायचे आणि वर्षातून दोनदा एकमेकांना भिडायचे. त्या दोन दिवशी सोयरीक, दोस्ती, शेजार सगळं दुपारपुरतं बंद असायचं. मुळात हा एकच क्लब होता म्हणतात. तो का फुटला ते हिरव्यांना विचारलं तर एक सांगतील, पिवळ्यांना विचारलं तर भलतंच, आणि दोघंही शपथेवर सांगतील.

मैदानाच्या एका टोकाला, गोलच्या मागे, लाकडी स्कोअरबोर्ड होता. त्यावर पत्र्याच्या पाट्या टांगायचं काम एकतीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. एरवी तो गवत कापायचा, चुन्याच्या रेघा मारायचा, फाटलेल्या जाळ्या शिवायचा. पण त्याला सगळे पाटीवाला म्हणायचे. तो जन्माचा हिरवा. त्याची बायको त्याच्यापेक्षा कडवी पिवळी. लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती. तुम्ही खुशाल हिरवे राहा, पण पाटीला रंग लावायचा नाही. जे झालं तेवढंच वर दिसलं पाहिजे.

त्याने ती अट पाळली. चेंडू जाळीत गेला तरी रेफ्रीने मधल्या ठिपक्याकडे बोट दाखवून गोल मान्य करेपर्यंत त्याचा हात पाटीला लागत नसे.

ते मैदानामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पाण्याची टाकी आणि शेजारची भिंत यांच्या फटीतून, मैदान अजिबात दिसत नसे. दिसायचा तो फक्त बोर्ड. बायको मैदानात कधी गेली नाही. तिथे तुम्हाला शिव्या घालणारे भेटतील आणि मी त्यांच्या अंगावर जाईन, म्हणायची. ती भाजी चिरत खिडकीशी बसायची आणि संध्याकाळी त्यालाच मॅच समजावून सांगायची. हिरवे हरले की त्याला पिवळ्या कपात चहा मिळायचा. जिंकले तरी पिवळ्याच कपात. दुसरा कप फुटला, असं ती वीस वर्षं सांगत होती. पण चहाच्या आधी एक तांब्या पाणी समोर ठेवायची. दुपारभर पाण्याला शिवला नाहीत, म्हणायची. ओठांवरून ओळखत असेल, असं त्याला वाटायचं.

मग ती आजारी पडली. शेवटी शेवटी उठवेना, तेव्हा त्याने आणि मुलीने पलंग ओढत स्वयंपाकघरात आणला आणि खिडकीला लावला. डॉक्टरांनी जे सांगायचं ते जिन्यात सांगितलं होतं.

त्या रविवारी दोन्ही क्लबांची मॅच होती. पिवळ्यांनी हिरव्यांवर तीन वर्षांत एकही गोल केला नव्हता. पाटीवाला बोर्डाखालच्या फळीवर चढला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटत होतं, आज पिवळ्यांचा एक होऊ दे. एकच. झाले ते हिरव्यांचे दोन. दोन्ही पाट्या त्याने लावल्या आणि दोन्ही वेळा खिडकीकडे पाठ केली.

उत्तरार्धात पिवळ्यांच्या लांब केसांच्या पोराने चेंडू जाळीत मारला. लाइनमनचा झेंडा आधीच वर गेला होता. ऑफसाइड, म्हणजे गोल नाही. पाटीवाल्याला झेंडा स्वच्छ दिसला. दिसला, आणि त्याने एकची पाटी उचलून पिवळ्यांच्या खिळ्याला अडकवली.

हिरव्यांच्या बाजूने ओरडा सुरू झाला. त्याने ऐकलं नाही. रेफ्रीने हातवारे केले. ते त्याने पाहिले नाहीत. शेवटी मैदानाचा मॅनेजर धापा टाकत शिडीवर चढला आणि त्याने स्वतःच्या हाताने पाटी उतरवली. पाटी वर होती अकरा मिनिटं.

घरी आला तेव्हा ती झोपली होती. दुसऱ्या दिवशी जाग आल्यावर तिने, जेवलात का, एवढंच विचारलं. स्कोअर तिने विचारला नाही, त्याने सांगितला नाही. संसारात असं पहिल्यांदाच झालं. बुधवारी सकाळी ती गेली.

त्यानंतर त्याने एकच गोष्ट धरून ठेवली होती. तिने तो एक पाहिला असणार. पाटी उतरायच्या आत डोळा लागला असणार. जाताना तिच्या लेखी पिवळ्यांनी एक तरी मारला होता.

तीन आठवड्यांनी मैदानाच्या कचेरीतून बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी मुलगी पलंगाच्या चादरी घड्या करत होती. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "त्या रविवारी तिने एक बघितला ना गं?"

मुलगी घडी घालत राहिली. चादर नीट बसत नव्हती असं दाखवत तिने ती परत उलगडली.

"बघितला, बाबा."

"खूश झाली?"

मुलगी पलंगाच्या कडेवर बसली. "आईला लगेच कळलं होतं. म्हणाली, गोल नाही हा, आवाज मधेच पडला. मग ह्यांनी पाटी का लावली?"

पाटीवाल्याने चौकटीला हात टेकला.

मुलीने मग सगळंच सांगितलं. झोपेचं औषध देऊनही आई झोपेना. उठून बसायला बघत होती. आता काढतील, आता काढतील, असं बोर्डाकडे बघून म्हणत होती. मला म्हणाली, जा मैदानात, त्यांना सांग काढा म्हणावं, लोक फाडून खातील त्यांना. पण मी तिला एकटी सोडून कशी जाणार होते?

"पाटी उतरली तेव्हा झोपली," मुलगी म्हणाली. "येडा माणूस, म्हणाली, आणि झोपली."

त्याने चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती घडी पूर्ण केली. तिच्याकडे मोजकी मिनिटं उरली होती, त्यातली अकरा त्याने अशी घालवली होती.

कचेरीत दोन्ही क्लबांचे सेक्रेटरी आणि मॅनेजर बसले होते. हिरव्यांचा सेक्रेटरी तोंड फिरवून होता. आपलाच माणूस, आणि त्याने हे करावं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. पिवळ्यांचा मात्र सांभाळून घेत होता. इतक्या वर्षांत आम्हाला एक गोल फुकट मिळाला, तोही अकरा मिनिटं, आमची काही तक्रार नाही, म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली असेल, झेंडा दिसला नसेल. घरात तसं चाललेलं. तेवढं लिहून द्या आणि पुढच्या रविवारी वर चढा.

मॅनेजरने कागद पुढे सरकवला. नाहीतर बोर्ड दुसऱ्याला द्यावा लागेल, हे त्याने न बोलता सांगितलं.

पाटीवाला कागदाकडे बघत बसला. बोर्ड गेला तर त्याच्याकडे गवत आणि चुना उरत होता. पण एक खोटी पाटी तिने जिवाच्या आकांताने उतरवायला सांगितली होती, आणि हा कागद म्हणजे पुन्हा तीच पाटी टांगणं होतं.

"झेंडा मला दिसला होता," तो म्हणाला. "दिसला होता, तरी लावली."

का लावली, ते कोणी विचारलं नाही. हिरव्यांच्या सेक्रेटरीने तोंड वळवून त्याच्याकडे पाहिलं, ते तेव्हा पहिल्यांदा.

पुढची दोघांची मॅच सहा महिन्यांनी आली. सकाळी त्याने रेघा मारल्या आणि दुपारी घरी आला. पलंग केव्हाच हलला होता. तिच्या जागी त्याने स्टूल ठेवलं. मॅच चालू असताना या खिडकीत तो कधी बसलाच नव्हता.

इथून आकडे दिसतात एवढंच त्याला माहीत होतं. पण बोर्डाखालचा नवा माणूसही पुरता दिसत होता. फळीवर बसलेला, पाठ खाजवणारा, मान पुसणारा. पाण्याची बाटली शेजारी तशीच भरलेली होती, ती सुद्धा दिसत होती.

एकतीस वर्षं.

तो ती बाटली बघत असतानाच मैदानातून आवाज उठला. पिवळ्यांच्या बाजूचा. मधे कुठे न पडता चढतच गेला. नवा माणूस उठला, थांबला, आणि त्याने एकची पाटी पिवळ्यांच्या खिळ्याला टांगली.

पाटीवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं झाली. अकरा झाली. पाटी तिथेच होती.

गोल खरा होता. तो मागे वळला, तर स्वयंपाकघरात सांगायला कोणी नव्हतं.