रुक्माची शिवण

मित्रांनो, मला आता पांढरी म्हणावं की पिवळी, ते तुमचं तुम्हीच ठरवा. मी एक जुनी नऊवारी आहे. आमची विदर्भातली माणसं मला लुगडं म्हणतात आणि मलाही तेच आवडतं. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या एका क्वार्टरात, पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी पडून असते. रिकामपणी माणसं आठवणी उगाळत बसतात, मग मी का बसू नये?

पवनीच्या एका कोष्ट्याच्या मागावर माझा जन्म झाला. सूत साधंच होतं आणि काठ बोटभर निळा. शालूचा तोरा माझ्यात नव्हता, पण वीण अशी घट्ट की म्हातारा कोष्टी मला घडी घालताना स्वतःवरच खूश झाला होता. त्याचा हात मला अजून आठवतो.

छपन्न साली नागपूरला दीक्षेसाठी माणसांची रीघ लागली. सगळ्यांना पांढरंच नेसायचं होतं आणि दुकानांतलं पांढरं कापड बघता बघता संपत आलं. उरल्यासुरल्यांत मी होते. रुक्मा नावाच्या बाईनं मला दुकानदाराच्या हातून जवळजवळ हिसकूनच घेतलं. मला नेसून ती त्या अफाट गर्दीत उभी राहिली आणि तिनं मनाशी गाठ बांधली की यापुढं स्वच्छ राहायचं, मान ताठ ठेवायची, मळकं-फाटकं अंगावर घेऊन कोणा साहेबासमोर उभं राहायचं नाही. ती गाठ फार चांगली होती हो. तिच्याच पायी पुढं घात झाला, म्हणून तर आज बोलते आहे.

पुढं रुक्माचा नवरा लहानू भिलाईला कामाला लागला. तेव्हा तिथं पोलादाचा कारखाना उभा राहत होता. जिकडं पाहावं तिकडं लाल माती आणि सिमेंट. लहानू खलाशी, म्हणजे दोरखंडानं जड लोखंड वर चढवायचा आणि रुक्मा रेजा म्हणून डोक्यावर घमेली वाहायची. त्या धुळीत तिनं मला कधी नेलं नाही. बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला तेवढी मी बाहेर पडायची. बाया म्हणायच्या, रुक्माचं लुगडं म्हणजे बगळ्याचं पीस. मी मनातून फुलून यायची.

अशाच एका चौदा एप्रिलला, एकसष्ट साली, आम्ही जयंतीला निघालो होतो. वाटेत अरुणकुमार नावाच्या ठेकेदाराचा बंगला होता. त्याचा टायगर नावाचा थोराड कुत्रा एरवी साखळीला असायचा. त्या दिवशी तो मोकळा होता आणि फाटकही सताड उघडं होतं. काही कळायच्या आत त्यानं रुक्माची पोटरी धरली. ती पडली. लोक धावले तसा तो माझी हातभर पट्टी फाडून, तोंडात धरून आत पळाला. रक्त माझ्यावर सांडलं आणि मला पहिल्यांदा कळलं की आपण नुसतं कापड आहोत, आपल्याच्यानं काही अडवलं जात नाही.

दवाखान्यात पोटात सुया झाल्या. जीव वाचला, पण पोटरीचा लचका गेला तो गेलाच. लंगड्या पायानं घमेलं घेऊन परांचीवर चढता येईना, तेव्हा मुकादमानं तिला कामावरून काढून घरी बसवलं. ठेकेदारानं निरोप धाडला की आमचा कुत्रा बांधलेला होता, बाईला रस्त्यावरचा कुत्रा चावला असेल. लहानू घाबरला. मोठ्याच्या नादी कावून लागतं वं, असं तो रोज म्हणायचा. रुक्मा एकदाच बोलली.

"मी भीक मांगून नाही राहिली. कुत्रं त्याचं, पाय माहा. त्यानं चार लोकात कबूल करावं अन् भरपाई द्यावी."

बंगल्यात भांडी घासणारी मैनाबाई होती. दुसऱ्या दिवशी ती गुपचूप आली आणि कमरेला खोचलेली एक पट्टी तिनं रुक्माच्या हातात ठेवली. कुत्र्याच्या खोपट्यातून ती ओढून काढलेली होती. माझीच पट्टी! वाळलेल्या रक्तात टायगरचे भुरे केस चिकटलेले होते. कोर्टात सांगायला येईन, असंही ती म्हणाली. पोटावर पाय येईल हे तिला ठाऊक होतं, तरी म्हणाली.

जवळच्या दुर्ग शहरातले जुने मराठी वकील हरिभाऊ यांनी काम घेतलं. त्यांनी पट्टी पाहिली, मला पाहिलं आणि चष्मा पुसत हसले.

"रुक्माबाई, हातच्या कांकणाला आरसा कशाला? मैनाबाईनं सांगायचं आणि पट्टी या भोकाला लावून दाखवायची. तारखेला दोन्ही घेऊन या."

घेऊन या, एवढंच ते बोलले. यापलीकडं काही सांगावं लागेल हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातही आलं नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी रुक्मानं मला पेटीतून काढलं आणि मांडीवर पसरून डाग निरखले. न्यायाधीशांसमोर असं रक्ताचं चिंधूक न्यायचं? लोक म्हणतील, या लोकांना साधं धुऊन आणायचीही रीत नाही. मग तिनं थंड पाण्यात मीठ घातलं, मला चोळलं, साबण लावला, उन्हात टाकलं, नीळ दिली. पट्टीही धुतली. माझ्याच पदराचे दोरे काढून तिनं ती पट्टी जागच्या जागी बसवली. काय ती शिवण! त्या कोष्ट्यानं पाहिली असती तर तोही तिच्या पाया पडला असता. मी पुन्हा बगळ्याचं पीस झाले आणि हरखले.

कोर्टात तिनं मला ताठ मानेनं टेबलावर ठेवलं. हरिभाऊंनी घडी उलगडली आणि त्यांचा चेहरा पडला. काय झालं ते रुक्माला कळलंच नाही.

ठेकेदाराच्या वकिलानं मला मैनाबाईपुढं पसरलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही ओढून काढलेला तुकडा यातला कोणता?"

मैनाबाईनं मला इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. उलटं केलं. बोटं फिरवली. ह्यातच होता साहेब, ह्यातच, असं ती आपल्या छत्तीसगडीत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. रुक्मा जागेवरून उठून जागा दाखवायला लागली, तेव्हा न्यायाधीशसाहेबांनी तिला खाली बसवलं. साक्षीदारालाच दाखवू दे, म्हणाले. माझ्या अंगावरून मैनाबाईची खरखरीत बोटं फिरत होती, नेमकी त्या शिवणीवरूनही गेली आणि पुढं सरकली. इथं, इथं, असं मी ओरडत होते. पण लुगड्याला तोंड कुठलं?

दावा फेटाळला गेला. मैनाबाईचं काम सुटलं. पुढं ती बाजारात भाजी घेऊन बसायला लागली. रुक्मा भाजी तिच्याकडूनच घ्यायची आणि भाव कधी करायची नाही.

त्यानंतर रुक्मानं मला कधी नेसलं नाही.

काही वर्षांनी शेजारची शेवंता धावत आली. टायगरनंच तिचा दंड फाडला होता. आली ती नळावर बसली आणि पोलकं काढून त्याला साबण लावायला निघाली. रुक्मा लंगडत गेली आणि तिच्या हातातलं पोलकं तिनं काढून घेतलं.

"जखम धू, चांगली रगडून धू. पोलक्याले हात नोको लावू."

दवाखाना झाल्यावर तिनं ते फाटकं, कुत्र्याचे केस चिकटलेलं, रक्ताचं पोलकं जसंच्या तसं हरिभाऊंपुढं नेऊन ठेवलं. या वेळी ठेकेदाराला कबूल करावं लागलं. शेवंताला भरपाई मिळाली आणि टायगर कायमचा साखळीला गेला.

निकालाच्या संध्याकाळी शेवंता पेढे देऊन गेली. रुक्मानं दार लोटलं, पेटी उघडली आणि मला मांडीवर घेतलं. तिनं बोट फिरवलं, मग डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, दिव्याकडं धरलं. तिला ती शिवण सापडली नाही. "मीच शिवली वं माय," एवढं म्हणून ती माझ्यात तोंड खुपसून रडली.

मित्रांनो, कपड्यांना जपा. फाटलं तर शिवा, मळलं तर धुवा, आम्हाला बरंच वाटतं. पण ज्या दिवशी कोणी तुम्हाला दुखवेल, त्या दिवशी जखम तेवढी धुवा. फाटलेलं तसंच उचला आणि आधी चार माणसांना दाखवा. लाज त्यात तुमची नसते. माझ्या रुक्माला हे कोणी आधी सांगितलं असतं, तर मी आज फाटकी असते आणि सुखी असते.