उपरण्याखालचा कॉम्प्युटर

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या त्या ऑफिसात सगळी माणसं भिंतीला टेकून उभी होती. मधल्या टेबलावर माझ्या मुलाचा, रवींद्रचा कॉम्प्युटर, त्याला हळदकुंकू, पुढे उदबत्ती. दिगंबर महाराजांनी त्यावर रेशमी उपरणं टाकलं, खाली हात घातला आणि डोळे मिटून म्हणाले, "सर्व्हरदेवते, मोकळी हो. मैत्री, तू बाहेर जा."

मैत्री, ऑफिसातली नवी मुलगी, पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. जरा वेळानं तिथल्याच अनुपनं आपल्या लॅपटॉपवर टेंडरची फाइल उघडून पाहिली. सकाळपासून अडलेली फाइल उघडली.

"ओपन झाली यार," तो पुटपुटला. दोघातिघांनी हात जोडले.

मी जोडले नाहीत. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलंय. कापडाखाली हात गेला की मला संशय येतो.

रवींद्रचं ऑफिस डेटा सेंटरच्या वायरिंगची कामं घेतं. सगळ्या फायली एका सामायिक ड्राइव्हवर, कुणीही आपल्या जागेवरून उघडाव्यात. दसऱ्यापासून मात्र टेंडरची फाइल उघडायला गेलं की सूचना यायची, ती दुसरं कुणीतरी वापरत आहे. विचारावं तर कुणीच वापरत नसे.

महाराजांनी आल्या आल्या मैत्रीला विचारलं होतं, "घरी देवघर आहे?"

"नाही. आम्ही बुद्धवंदना करतो."

"तरीच."

हे 'तरीच' माझ्या ओळखीचं. लहानपणी आमच्या गावची विहीर आटली, तेव्हा पाटलांच्या ओसरीवर ह्याच सुरात ऐकलं होतं. एका कुटुंबाला गाव सोडावं लागलं. विहीर पुढच्या उन्हाळ्यातही आटली.

मैत्री दसऱ्यानंतरच्या सोमवारी रुजू झाली, एवढाच तिच्याविरुद्धचा पुरावा. नोकरी गेली की व्हिसा जाणार आणि तिला नागपूरला परतावं लागणार.

"आई, तिला काढायचं म्हणजे मलाही वाईट वाटतं," रवींद्र हळूच म्हणाला. "पण फाइल उघडली ना?"

"दोन गोष्टी एकदम झाल्या, रवी. ती बाहेर गेली आणि ह्यांचा हात उपरण्याखाली गेला. कशानं उघडली, कसं ठरवलंस?"

"माताजी, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," महाराज म्हणाले.

"श्रद्धेची नाही, कॉम्प्युटरची घेते." मी उपरणं उचललं. स्क्रीन काळी होती.

"बंद कसा?" रवींद्र चपापला. "दसऱ्याच्या पूजेनंतर तुम्हीच म्हणालात, अखंड दिव्यासारखा सुरू ठेवा."

मैत्रीला आत बोलावलं. ती शेजारी उभी असताना अनुपनं फाइल मिटून पुन्हा उघडायला घेतली. उघडली.

"आता मी बाहेर जाते," मैत्री म्हणाली. "सर, तुमचा सुरू करा आणि रोजच्यासारखं बसा."

रवींद्रनं कॉम्प्युटर लावला, ड्राइव्ह उघडून टेंडरच्या फाइलवर एकदा टिचकी मारली. अनुपनं पाहिलं. पुन्हा तीच सूचना, आणि मैत्री तर पार्किंगमध्ये.

परत आल्यावर तिनं रवींद्रच्या स्क्रीनकडे बोट केलं. "ही कडेची चौकट. फाइल न उघडताही इथे तिची झलक दिसते. तेवढ्यासाठीसुद्धा कॉम्प्युटर फाइल धरून ठेवतोय."

"आणि पूजेला मी हीच फाइल समोर ठेवली होती," रवींद्र म्हणाला. "टेंडर मिळावं म्हणून."

"पूर्वी तुम्ही संध्याकाळी बंद करून जायचात, म्हणून सुटायची. मी दोनदा म्हणाले, बघू द्या. पूजेचा आहे म्हणून हात लावू दिला नाहीत."



"शेवटी बंद मीच केला ना?" महाराज म्हणाले. "म्हणजे उपाय माझाच."

"मग मुलीला बाहेर कशाला काढलंत?" मी विचारलं.

त्यांनी उपरण्याची घडी घातली आणि निघाले.

रवींद्र खुर्चीतून उठला. "मैत्री, चुकलं माझं. बस इथे, काय करायचं ते कर." तिनं कडेची चौकट बंद केली. अनुपनं पाहिलं, फाइल उघडली. मग मैत्री आपल्या जागेवर जाऊन कामाला लागली.

यंत्र अडलं तर आधी काय बदललं ते आठवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग उलट करून पाहा. एवढं केल्याशिवाय कुणाही माणसाला दाराबाहेर उभं करू नका.