कड्याखालची वाट

मित्रांनो, मी उत्तर ध्रुवाकडची एक जुनी खाडी आहे. माझ्या काठी एकही घर नाही. डोक्याशी हिमनदी, पूर्वेला पक्ष्यांचा काळा कडा आणि मधोमध एक बोडकं बेट. हिमनदीनेच मला खडकातून कोरून काढलं. तिला किती काळ लागला, ते मलाही आठवत नाही.

वर्षातला बराच काळ मी गोठलेली असते. वसंतात सूर्य परतला की कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन शिकारी येत, सील मारत, चरबीच्या दिव्यावर रस्सा शिजवत. कौताक नावाचा म्हातारा शिकारी आपल्या लेकीला, पानिकपाकला, सांगायचा, "बेटापलीकडे जाऊ नकोस, तिथे प्रवाह बर्फ खालून खातो. कड्याला धरून चाल. ही खाडी आपल्याला उपाशी धाडत नाही." ते ऐकून मला फार बरं वाटे.

पुढे कौताक गेला. माणसं यायची कमी झाली. पानिकपाक मात्र दर वसंतात नवऱ्याला घेऊन यायची.

अलीकडे माझं पाणी उबदार झालं. हिमनदी वितळू लागली आणि तिचा एक नवा प्रवाह कड्याखालून वाहू लागला. कौताकची वाट आतून पोखरली गेली. वरून मात्र सगळा बर्फ सारखाच पांढरा.

त्या सकाळी दोघं आली. नवरा इनुतिक म्हणाला, "पुन्हा कड्याचा वळसा? सासरेबुवांना सरळ चालणं ठाऊकच नव्हतं."

"म्हणूनच म्हातारे होऊन अंथरुणात गेले," ती हसली. "तू गाडी हाक."

मला त्यांना थांबवायचं होतं. पण बर्फ तडकतो तेवढाच माझा आवाज, आणि तो तडकला तेव्हा कुत्री पाण्यात होती. गाडीमागून इनुतिकही गेला.

पानिकपाक बर्फावर पालथी पडली आणि तिने सील मारायच्या भाल्याला बांधलेली दोरी फेकली. "मनगटाला गुंडाळ."

"कुत्री..."

"कुत्री सोड. दोरी धर."

तिने त्याला ओढून काढलं. कुत्री गाडीला जुंपलेली होती. माझ्याच पाण्यात ती बुडाली आणि मला त्यांना वर ढकलता आलं नाही.

स्वतःचा कोरडा अंगरखा त्याच्या अंगावर चढवत ती म्हणाली, "बाबा चुकले नाहीत रे. जागाच बदलली."

दोघं पायी परत गेली. त्यानंतर माझ्याकडे कुणी आलं नाही.

मित्रांनो, माझं पाणी तापवणारी आग माझ्या काठी कुठेच पेटत नाही. ती तुमच्याकडे पेटते, तुमच्या कारखान्यांत आणि मोटारींत. मला ती विझवता येत नाही. तुम्हाला जमेल तेवढी विझवा.