रविवारच्या कुरडया

बावीस वर्षांत माझ्या कुरडया परत आल्या त्या एकदाच. दोन हजार सहाच्या एप्रिलात.

शर्मिला नावाची एक मुलगी, हिंजवडीला कामाला. कंपनी तिला अमेरिकेला पाठवत होती, म्हणून आमच्याकडून दोन किलो कुरडया घेऊन गेली होती. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभी.

"काकू, यात काळं काहीतरी आहे."

"चष्मा लाव."

"लावलाय, काकू."

लावलेला होता खरा. मी पिशवीत हात घातला आणि एक कुरडई उजेडात धरली. पांढऱ्या शेवेवर बारीक काळे कण. मोहरी वाटून भुरभुरावी तसे. मी मुलीला पैसे परत दिले आणि दार लावून घेतलं, थोडं जोरातच.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पण शुक्रवार पेठेत रुखवताच्या कुरडया म्हटलं की लोक आमच्याच इमारतीचं दार ठोठावायचे. हे गेल्यावर मी गच्चीवर कुरडयांचं काम सुरू केलं, आणि पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर सुंदराबाई होती. दांडेकर पुलावरून चालत यायची. बाकीच्या चारपाच बायका आल्या-गेल्या, सुंदरा राहिली. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, हे कोणीही शिकेल. पण चीक घाटताना तो चाटूला कसा ओढतो यावरून उतरवायची वेळ कळायची ती फक्त तिला. मला नाही कळायची. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

तिला मिसरी लावायची सवय होती. सकाळी घरी लावायची, तोंड धुऊन यायची. मिसरी काळी, बारीक. शर्मिला गेली आणि माझ्या डोक्यात तेवढंच आलं.

त्या दिवशी शनिवार होता. सकाळी गच्चीवर प्लॅस्टिक अंथरलेलं, पातेलं चढलेलं, सगळ्या बायका जमलेल्या. माझी सून राधा सोऱ्या धुत होती. मी ती परत आलेली पिशवी सुंदरासमोर टाकली.

"हे काय आहे?"

तिने एक कण नखाने खरवडला. "कचरा पडलाय, वहिनी. वाऱ्याने आला असंल."

"वाऱ्याने? वारा मिसरी लावतो का? मिसरीची बोटं माझ्या चिकात घातलीस तू."

"मी हात धुते, वहिनी. तुमच्यासमोर धुते रोज."

"मग आज नीट धू. सोडा घे, घासणी घे. कोपरापर्यंत धू. आणि तोपर्यंत माझ्या पातेल्याला हात लावायचा नाही."

मी मिसरीबद्दलच बोलत होते. पण शेवटचं वाक्य तोंडातून सुटलं आणि गच्चीवर कोणी हलेना, तेव्हा मला कळलं की तिला काय ऐकू गेलं. सुंदराच्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. हात लावू नको हे त्या घराने पुन्हा कोणाकडून ऐकून घ्यायचं नाही असं ठरवलेलं. तिचा मुलगा समाधान बँकेत कारकून होता. तिला कामाची गरजही नव्हती उरली. आवड म्हणून यायची.

तिने हात धुतले. सोडा घेतला, घासणी घेतली, कोपरापर्यंत धुतले, सगळ्यांसमोर. मग पदराला न पुसता तसेच ओले हात घेऊन जिना उतरून गेली.

राधा म्हणाली, "आई, जास्त झालं."

मी म्हटलं, "तू सोऱ्या धू."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी हट्टाने काम काढलं. चीक मीच घाटला. थोडा जास्तच शिजला, पण कुरडया घातल्या. संध्याकाळी गोळा केल्या तर दुधासारख्या पांढऱ्या! एक कण नाही. मी परात घेऊन इमारतीतल्या प्रत्येक दारात गेले. "बघा," म्हटलं, "बाई गेली आणि डाग गेला." शेजारच्या दोन इमारतींतही सांगून आले.

सोमवारी सुंदराच्या जागी नवी बाई आली. नव्या बाईवर नजर ठेवायला म्हणून मी छत्री घेऊन गच्चीवरच बसले. एरवी आम्ही दहा-साडेदहाला ऊन चढलं की खाली यायचो ते थेट पाचला वर. अकरा वाजता लाइट गेली. त्या वर्षी रोजच जायची, अकरा ते एक. खाली जनरेटर धडधडला.

हा जनरेटर माझ्या वैजनाथचा. त्याचं बुधवार पेठेत टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. टेप बंद पडले तसा तो जनरेटर भाड्याने द्यायला लागला आणि त्याचं नशीब फळफळलं. आमच्या इमारतीच्या खालच्या दोन मजल्यांवर कंपनी आली होती. कानाला यंत्र लावून परदेशातल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करणारी पोरं. त्यांच्या कॉम्प्युटरला गार हवा लागायची, एक मिनिट लाइट गेलेली चालायची नाही. त्यांच्यासाठी त्याने मोठा डिझेलचा जनरेटर पार्किंगमध्ये बसवला. सगळी पेठ अंधारात आणि आमच्या इमारतीत झगझगाट. मी भाजीवालीलाही सांगायचे, "आमच्या वैजूची लाइट."

गच्चीच्या कठड्याला लावून एक लोखंडी पाइप वर आलेला होता. त्याच्या तोंडावर टोपण. जनरेटर सुरू झाला तसं ते टोपण टाळ्या पिटल्यासारखं वाजलं आणि काळ्या धुराचा एक मोठा झोत बाहेर पडला. नंतर धूर पातळ झाला, पण येतच राहिला. माझी छत्री पांढरी होती, ह्यांची जुनी. तिच्यावर काहीतरी पडताना दिसलं. मी बोट फिरवलं. बोट काळं.

मग मी कुरडयांकडे बघितलं. सकाळी घातलेल्या, अजून ओल्या, चिकट. त्यांच्यावर काजळी बसत होती. आणि रविवारी कंपनी बंद असते.

दुपारी वैजनाथ जेवायला आला.

"तो पाइप गच्चीवर कोणी आणला रे?"

"तूच, आई. होळीच्या आधी. धूर स्वयंपाकघरात येतो, देवांवर बसतो म्हणालीस. वर ने म्हणालीस."

म्हणाले होते.

"आणखी उंच ने."

"नेतो. मग तो शेजारच्या गच्चीवर पडेल."

"तिथे कोण कुरडया घालतं?"

तो हसला. राधा हसली नाही. तिला शिमग्यापासून खोकला होता, आणि मी तिला रोज म्हणायचे की थंड पाणी पिऊ नकोस. कुरडई पांढरी, म्हणून तिच्यावरचं दिसलं.

संध्याकाळी मी दांडेकर पुलाला गेले. रिक्षाने. हातात काही असावं म्हणून कुरडयांची पिशवी घेतली. विकायला लायक तेवढ्याच होत्या. सुंदराचं घर दोन खोल्यांचं, लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली समाधानचा पदवीचा फोटो. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिची बोटं सोड्याने सोलली होती.

"सुंदरा, तुझी चूक नव्हती. वैजूच्या जनरेटरचा धूर होता."

"मला माहीतच होतं माझी चूक नव्हती," ती म्हणाली. "तुम्हाला आज कळलं."

"मग उद्यापासून ये."

तिने पिशवी उघडून बघितली. "या रविवारच्या ना? माझ्याशिवाय झालेल्या. दाखवल्या म्हणं तुम्ही पेठेत."

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"वहिनी, बोललात गच्चीवर, सगळ्यांसमोर. आणि पुसायला इथं आलात, दार लावून. मी येते. तिथंच, त्याच बायकांसमोर बोला. एवढंच."

"बघते," मी म्हटलं.

आदल्या दिवशी निरोप पाठवून ती शुक्रवारी आली. सव्वादहाला. इस्त्रीचं पातळ नेसून, कामाला आल्यासारखी नव्हे. बायका कुरडया घालून हात धूत होत्या. सगळ्या थांबल्या.

मला दोन वाक्यं बोलायची होती. मी रात्रभर पाठ केली होती. पण आधी मी तिला बसायला पाट दिला. मग समाधानची चौकशी केली, त्याच्या बदलीचं विचारलं. मग राधाला चहा टाकायला पाठवलं. मग चिकाला या खेपेला गहू कसा मिळाला ते सांगत बसले. सुंदरा हूं हूं करत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मी घड्याळ बघत नव्हते असं म्हणणार नाही.

अकराला दोन मिनिटं कमी असताना मी उभी राहिले. "सुंदराबाई," म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले..."

लाइट गेली. खाली जनरेटर धडधडला. पाइप वैजूने अजून उंच नेला नव्हता, त्याचं टोपण वाजायला लागलं.

मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. त्या धडधडाटात मी दोन्ही वाक्यं म्हटली. अगदी पाठ केली होती तशी, एक शब्द न गाळता. पुढच्या बाईलाही ऐकू गेली नसतील. नुसते माझे ओठ हलले असतील. वरून काजळी पडत होती.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि उन्हाचं म्हणून एकेक खाली गेल्या. सुंदरा पाटावरून हलली नाही. राधाने आणून ठेवलेला चहा तसाच. एक वाजेपर्यंत ती बसली, दोन तास, भर उन्हात, त्या धुराखाली. मीही बसले. बोलणार कशा?

एक वाजता लाइट आली. जनरेटर बंद झाला. खालच्या रस्त्यावरच्या सायकलची घंटासुद्धा ऐकू आली.

"काय म्हणालात, वहिनी? मला ऐकू आलं नाही."

गच्चीवर आता आम्ही दोघीच होतो. तेवढंही मला जमलं नाही. मी म्हटलं, "चहा गार झाला तुझा. दुसरा टाकायला सांगते."

ती उठली. पातळ झटकलं, खांद्यावरची काजळी झटकली, ती उलट पसरली. दाराशी जाऊन एकदा वाळत घातलेल्या कुरडयांकडे बघितलं.

"याही परत येतील," ती म्हणाली आणि गेली.

पुढे पुण्यात लाइट जायची बंद झाली. जनरेटर वैजूने हिंजवडीला नेला, तिथे त्याचे आता नऊ आहेत. पाइप गच्चीवरच राहिला. राधाचा खोकलाही राहिला. सुंदरा समाधानबरोबर त्याच्या बदलीच्या गावी गेली म्हणे. पत्ता मी विचारला नाही.

मी त्या उन्हाळ्यानंतर कुरडया केल्या नाहीत. लग्नसराईत लोक अजून विचारायला येतात. मी सांगते, हात दुखतात.

माझ्या हातांना काहीही झालेलं नाही.