डावा स्पीकर

२००५ च्या सप्टेंबरात देवदत्त आगाशेने मोटरसायकलवर सॅटेलाइट रेडिओ बसवायला घेतला. वय शेहेचाळीस, चँडलरमधल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत टेस्ट इंजिनिअर. मोटरसायकल दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, लांबच्या प्रवासाची. पुढे रुंद काच, मागे आणि दोन्ही बाजूंना डिक्या, वजन चारशे किलोच्या आसपास. कंपनीतला मित्र मनोहर आणि तो ऑक्टोबरात न्यू मेक्सिको ओलांडून कोलोरॅडोपर्यंत जाणार होते. त्या वाळवंटात गाव मागे पडलं की वीस मिनिटांत एफएम खरखरायला लागायचं आणि मग तासन् तास नुसता वारा. सॅटेलाइट रेडिओला फक्त डोक्यावर आकाश लागायचं.

शनिवारी सकाळी सहाला त्याने गॅरेजचं दार उघडलं, कारण नवानंतर उन्हाने तिथे उभं राहवत नसे. मागच्या डिकीच्या झाकणावर त्याने काडेपेटीएवढा अँटेना बसवला, त्याची वायर सीटखालून पुढे आणली, हँडलवर रेडिओ घट्ट केला. वीज इग्निशनच्या सर्किटमधून घेतली, मध्ये फ्यूज टाकला, म्हणजे किल्ली काढली की रेडिओही बंद. इंजिन सुरू केल्यावर गाण्यात घरघर मिसळत होती, तर त्यावर फिल्टर लावला. मग हेल्मेटमधल्या स्पीकरांची वायर जोडून त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं.

आवाज फक्त उजवीकडून येत होता.

त्याने वायर मीटरने तपासली. वायर ठीक होती. जोड पुन्हा डाग देऊन पक्के केले. रविवारी दुकानातून नवी स्पीकरची जोडी आणली. तरी डावा स्पीकर मुका. संध्याकाळी मनोहर आला, त्याने हेल्मेट घातलं आणि अंगठा वर केला.

"दोन्हीकडून मस्त येतंय यार. काय प्रॉब्लेम आहे?"

"डावीकडून येतंय?"

"एकदम क्लिअर."

मनोहर गेल्यावर देवदत्तने ऑफिसात रोज करायचा तोच प्रयोग केला. डाव्याची पिन उजव्यात घातली, उजव्याची डाव्यात. दोष स्पीकरात किंवा वायरीत असता तर तो आता दुसऱ्या बाजूला गेला असता. त्याने हेल्मेट घातलं. आवाज अजूनही उजवीकडूनच. त्याने डावा हात आत घालून स्पीकरला बोट लावलं. बोटाला स्पीकर थरथरताना कळत होता. कानाला काहीच कळत नव्हतं.

हेल्मेट मांडीवर घेऊन तो सीटवर बसला. फोन आपण नेहमी उजव्याच कानाला का लावतो, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. डाव्या कानात शिट्टीसारखा बारीक आवाज असायचा, पण तो त्याने वाऱ्याच्या खात्यावर टाकला होता. त्याने हत्यारं पुसून ठेवली आणि घरात जाऊन कुणाला काही सांगितलं नाही. डॉक्टर म्हटलं की तपासण्या, तपासण्या म्हटल्या की कोलोरॅडो गेलं. परत आल्यावर बघू, असं त्याने ठरवलं.

पुढच्या शनिवारी दोघं रेडिओची चाचणी म्हणून पेसन नावाच्या डोंगरातल्या गावाला जाऊन आले. जाताना त्याने उजव्या स्पीकरवर तीन स्टेशनं ऐकली. डोंगराच्या वळणातही आवाज तुटला नाही. परतताना मात्र त्याने रेडिओ बंद ठेवला. डोकं जड झालं होतं. उतारावर पुढे एक संथ कॅम्पर, चाकांवरचं घरच, चालला होता. देवदत्तने आरशात पाहिलं, रस्ता मोकळा दिसला, आणि त्याने मोटरसायकल डाव्या लेनमध्ये घातली.

त्या लेनमध्ये, अगदी त्याच्या बाजूला, एक पिकअप ट्रक होता. ट्रकचा आरसा त्याच्या कोपराला चाटून गेला. हँडल हललं, मागचं चाक खडीवर घसरलं, सावरलं. ट्रकवाला खिडकीतून हात काढून काहीतरी ओरडत निघून गेला.

पहिल्या पेट्रोल पंपावर मनोहरने हेल्मेट काढून सीटवर आपटलं.

"तो माणूस सतत हॉर्न वाजवत होता! मागून मी वाजवत होतो! एवढा फुल रेडिओ लावतात का रे?"

हो म्हणून सुटता आलं असतं. 

"रेडिओ बंद होता," तो म्हणाला. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. हॉर्न उजवीकडून आल्यासारखा वाटला."

मनोहर जवळ आला. "शोभनाला माहिती आहे?"

"नाही."

"मग मोटरसायकल इथेच ठेव. पंपवाल्याला सांगतो. तू माझ्या मागे बस."

शोभना, त्याची बायको, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याच्या वर्गात होती. आता ती सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायची, आणि तिची वर्गमैत्रीण रुपाली दूर दुसऱ्या राज्यात, नेपरव्हिलला, तेच काम करायची. मुलगी आश्लेषा ऑगस्टमध्ये कॉलेजला गेल्यापासून घरात दोघंच होती आणि बोलणं कामापुरतं उरलं होतं. तो दुसऱ्याच्या मागे बसून घरी आलेला पाहून ती दारात आली. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. स्पीकर, पिना, ट्रक.

ती रागावेल, असं त्याला वाटलं होतं. ती जेवणाच्या टेबलाशी आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली.

"कधीपासून?"

"माहीत नाही. वर्ष झालं असेल. जास्तही."

"तुझ्या जागेवर बस," ती म्हणाली. तो बसला. ती त्याच्या डाव्या हाताला होती. तिने तोंडावर हात धरला आणि काहीतरी बोलली. त्याला नुसतीच गुणगुण आली.

"काय म्हणालीस?"

तिने हात काढला.  "जुलैत मी इथेच बसून तुला सांगितलं होतं, मी नेपरव्हिलला रुपालीकडे जाते म्हणून. तिच्या ऑफिसात जागा आहे, जानेवारीपासून. म्हटलं, आपलं असं एका घरात राहणं मला जमत नाहीये. तू टीव्हीकडे बघत होतास. 'हं, चालेल' म्हणालास."

देवदत्तला ती संध्याकाळ आठवेना. टीव्हीवर काय होतं तेही आठवेना.

"मी हो म्हणालो?"

"हं, चालेल. एवढंच. मी रात्रभर रडले, देवदत्त. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना होकार कळवला."

"मला ऐकूच आलं नव्हतं, शोभना."

"कारमध्ये तुला सगळं ऐकू यायचं!"

इथल्या गाड्यांना स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे कारमध्ये ती त्याच्या उजवीकडे बसायची. हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

पुढच्या दोन आठवड्यांत कानाची तपासणी झाली, मग एमआरआय. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ होती, अडीच सेंटिमीटरची. कॅन्सर नव्हता, पण ती मेंदूला टेकली होती आणि काढावी लागणार होती. डाव्या कानाची आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. तोलही जाईल, तो हळूहळू परत शिकावा लागेल. मोटरसायकलबद्दल विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "आधी चालायचं बघू."

कोलोरॅडो कॅन्सल केलं. मनोहरने पंपावरून मोटरसायकल ट्रेलरवर घालून आणली.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात देवदत्तने विषय काढला. "माझ्यासाठी थांबू नकोस. दया नको मला."

"दया?" शोभना फळं चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "मी त्यांना मार्चपर्यंत मुदत मागितली आहे. मार्चमध्ये काय करायचं ते मला माहीत नाही. आणि एक सांगू? सगळं त्या गाठीवर ढकलू नकोस. अर्धं कानाने खाल्लं असेल. पण उरलेलं अर्धं तुला ऐकू येत होतं."

 ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. तिच्या आईच्या आजारपणात ती दोन महिने एकटी मिरजेला होती, तेव्हा तो फोनवर उजव्याच कानाने बोलला होता, आणि तेही घाईत.

डिसेंबरात आठ तासांचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली. चेहऱ्याची डावी बाजू दीड महिना सैल पडली, डोळा मिटेना, शोभना दर तासाला त्यात थेंब घालायची. जमीन त्याला बोटीसारखी हलताना वाटायची. जानेवारीच्या शेवटी तो कालव्याकाठच्या पायवाटेवर चालायला जाऊ लागला, मागच्या पायाच्या अंगठ्याला पुढच्या पायाची टाच लावत, दारू प्यायल्यासारखा. तिने दंड धरला की तो चिडायचा. सोडला की कुंपणावर जायचा. एकदा खरंच पडला, गुडघा फुटला, आणि भर रस्त्यात दोघं एकमेकांवर ओरडली. सायकलवरून जाणारी एक बाई थांबून विचारायला लागली, सगळं ठीक आहे ना.

फेब्रुवारीत त्याने मोटरसायकल रेडिओसकट विकली. टुसानहून एक निवृत्त जोडपं ती न्यायला आलं. त्याने त्यांना फिल्टर कुठे आहे, फ्यूज कुठे आहे, सगळं दाखवलं. त्यांनी चालू करून पाहिलं. देवदत्त तेवढा वेळ आत जाऊन उभा राहिला.

मार्चच्या पहिल्या सोमवारी शोभना कॉम्प्युटरसमोर बसली होती. तो चहाचा कप भिंतीला हात लावत घेऊन आला. ती स्क्रीनकडे बघूनच काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस?"

"नेपरव्हिलच्या ऑफिसला 'नाही' म्हणून कळवलं."

तो कप ठेवायचा विसरला. "का?"

"रुपालीही हेच विचारते." तिने चष्मा काढला, डोळे चोळले. "मला नक्की सांगता येत नाही. तू हल्ली दिवसातून शंभरदा विचारतोस, काय म्हणालीस, काय म्हणालीस. वैताग येतो. मग तेच परत सांगावं लागतं, मोठ्याने, तुझ्याकडे बघून. आणि सांगताना कधीकधी कळतं, की हे मी पूर्वी कधी असं सांगितलंच नव्हतं."

"म्हणजे थांबते आहेस?"

"या वर्षी थांबते आहे," ती म्हणाली. "त्या पुढचं विचारू नकोस. आणि बस आधी, चहा सांडतोय."

त्याने खुर्ची ओढली.